शाळेतील निबंध आणि उसना समुद्र

मराठी गद्याचा विचार करताना आमचे टीकाकार कादंबरी घेतात, लघुकथा घेतात, नाटक व चरित्र घेतात, आणि प्रवासवर्णनासही मानाचे पान देतात. परंतु ज्या गद्यप्रकारापायी प्रतिवर्षी महाराष्ट्रातील लक्षावधी हात झिजतात, त्याचा उल्लेख कोणाही समीक्षकाच्या लेखणीतून उतरत नाही. हा प्रकार म्हणजे शाळेतील निबंध होय. ज्याने जन्मात एकही कविता रचली नाही, गोष्ट लिहिण्याचे ज्याच्या स्वप्नातही आले नाही, त्यानेही लहानपणी पाच-सात वर्षे निबंध लिहिलेले असतात. आणि बहुसंख्य मराठी माणसांच्या बाबतीत स्वतःच्या मनाने चार परिच्छेद जुळविण्याचा तोच पहिला व तोच शेवटचा प्रसंग ठरतो. तेव्हा या प्रकारास वाङ्मय म्हणावे की न म्हणावे हा वाद बाजूस ठेवून, वाङ्मयास आपण ज्या कसोट्या लावतो त्याच त्यास लावून पाहाव्यात असे आम्हांस वाटले. त्याकरिता नागपुरात सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळणारी तयार निबंधांची काही पुस्तके आम्ही चाळली, आणि परिचितांच्या घरच्या मुलांच्या वह्याही मागून आणून वाचल्या. पुस्तकांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. कारण एकाचे पान काढून दुसऱ्यात चिकटविले, तर शिवण कोठे आहे हे त्या त्या ग्रंथकर्त्यासही सांगता येणार नाही.

यांतील पुष्कळ पुस्तके स्वतःस 'निबंधमाला' म्हणवितात. हा शब्द वाचून आम्ही क्षणभर थबकलो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये पुण्यास या नावाचे मासिक काढिले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे त्याचे चौऱ्यायशी अंक निघाले, आणि त्यांतील मजकूर जवळजवळ सारा त्या एकट्या माणसाच्या हातचा. त्यांतील विषयांची नावे पाहा: वाचन, वक्तृत्व, गर्व, लोकभ्रम, संपत्तीचा उपभोग. आजच्या एखाद्या शिक्षकाने खडू घेऊन फळ्यावर लिहावेत असेच हे विषय आहेत. परंतु त्या साध्या मथळ्यांखाली शास्त्रीबोवांनी जे लिहिले, त्याने त्यांस जिवलग मित्र मिळवून दिले आणि कायमचे शत्रूही. त्यांची कित्येक मते आज आम्हांस मान्य नाहीत, जोतीराव फुल्यांवर त्यांनी धरलेले शस्त्र तर मुळीच नाही. पण त्यांच्या कोणत्याही पानावर बोट ठेवून 'हे दुसऱ्या कोणीही लिहिले असते' असे म्हणता येणार नाही. हा गृहस्थ पेशाने शाळामास्तरच होता. सरकारी शाळेतील नोकरी सोडून त्याने १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढिले. आणि 'आमच्या देशाची स्थिती' हा त्याचा निबंध तर पुढे इंग्रज सरकारने जप्त केला. अशा मासिकाचे नाव आज कोणत्या पुस्तकांच्या कपाळी आले आहे? ज्यांतील एकही वाक्य कोणास खटकू नये, कोणाचे म्हणून ओळखू येऊ नये, आणि कोणत्याही मुलाच्या वहीत बेमालूम उतरावे, याचीच काळजी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाहिलेली आहे, अशा पुस्तकांच्या!

असो. नावाची गोष्ट सोडून आता आत काय आहे ते पाहू.

प्रथम डोळ्यांत भरतो तो समुद्र. 'मी पाहिलेला सूर्यास्त' हा विषय घ्या. सूर्य समुद्रात बुडतो, लाटांवर सोने सांडते, कोळ्यांची होडकी किनाऱ्याकडे परततात, आणि ओल्या वाळूवर लेखकाची पावले उमटतात. हा निबंध मालवणच्या मुलाने लिहिला तर त्यास कोण नाव ठेवील? परंतु हीच होडकी आम्हांस महालातल्या, इतवारीतल्या व उमरेड रस्त्यावरच्या मुलांच्या वह्यांत सापडली. ज्या नागपुरात देशाचा मध्य दाखविणारा म्हणून शून्य मैलाचा दगड दिमाखाने उभा आहे, जेथून मुंबईचा किनारा रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर पडतो, तेथील मुलाने न पाहिलेला समुद्र 'मी पाहिला' म्हणून लिहावा, आणि त्यास त्याबद्दल गुण मिळावेत, हा काय चमत्कार आहे! बरे, या गावात सूर्य मावळत नाही असेही नाही. फुटाळ्याच्या काठावर सायंकाळी केवढी माणसे जमतात. भोसल्यांच्या काळच्या त्या तलावापलीकडे सूर्य जातो. काठावर भुट्टे भाजणाऱ्याचा धूर असतो, फुगेवाला असतो, घरी परतण्याची घाई नसलेले म्हातारे असतात. हे सर्व त्या मुलाने दहा वेळा पाहिलेले आहे. पण ते 'निबंधात घालण्यासारखे' असते हे त्यास कोणीच सांगितलेले नाही. निबंधातला सूर्य समुद्रातच बुडतो असे त्याच्या मनाने घेतले आहे, आणि फुटाळ्यात बुडणारा सूर्य त्यास काहीसा कमी प्रतीचा वाटू लागला आहे. आमच्या मते या शिक्षणाचा खरा अपाय येथे आहे. समुद्र उसना आला याचे दुःख नाही, तलाव फुकट गेला याचे आहे.

पावसाचीही तीच कथा. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात मोर नाचतो, हिरवा शालू येतो, कागदाच्या होड्या सुटतात आणि शेवटी आई गरमागरम भजी तळते. आता २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. मध्यरात्रीनंतर काही तासांत नागपुरावर असा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचे पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले, माणसे दगावली, आणि झोपेतून उठलेल्या कित्येक कुटुंबांस अंथरुणे उचलून वरच्या मजल्याची वाट धरावी लागली. त्या वस्त्यांत शाळेत जाणारी मुले होती. त्यांच्या पुस्तकांचा लगदा झाला होता, आणि चिखलाची रेघ भिंतीवर किती उंचीवर उमटली हे त्यांनी स्वतः पाहिले होते. पावसावर लिहिण्याचा अधिकार नागपुरात त्यांच्याइतका कोणास होता? परंतु अशा घरातले मूलही परीक्षेस बसले, की त्याच्या वहीत मोरच नाचावयाचा.

आत्मवृत्त हा तर या पुस्तकांचा लाडका प्रकार. नदी बोलते, शाळेची घंटा बोलते, फाटकी छत्री बोलते, आणि सगळ्यांचा आवाज एकच! जन्म झाला, वैभव आले, लोकांच्या उपयोगी पडले, वार्धक्य आले, आता कोणी विचारीत नाही, तरी परोपकाराचे समाधान आहे. सेवानिवृत्त कारकुनाने आपल्या सत्काराच्या वेळी करावे तसले हे भाषण घंटेने का करावे हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. नदीचे आत्मवृत्त पाहू गेले तर ती नदी डोंगरात उगम पावते, खळाळते, शेते पिकविते आणि सागरास मिळते. आता नागपूरच्या मुलापुढे ज्या नदीने त्याच्या गावास नाव दिले ती नदी आहे. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडे उगम पावते; शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती पूर्वेस बाहेर पडते, पुढे कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस, आणि मग ते सारे पाणी भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्दच्या धरणात जाऊन साठते. हिला बोलती करा. ती परोपकाराचे समाधान सांगेल काय? लोक माझ्यावरच्या पुलावरून जाताना नाकास रुमाल लावतात आणि गावाचे नाव मात्र अभिमानाने सांगतात, एवढे एक वाक्य जरी ती बोलली, तरी बारा वर्षांच्या मुलाच्या हातून खरा निबंध लिहून झाला असे आम्ही म्हणू.

संत्र्याचे आत्मवृत्तही आम्हांस एका पुस्तकात आढळले. तेथे संत्रे 'एका सुंदर बागेत' जन्मास येते, आणि पुढे लहान मुलास आनंद देऊन कृतार्थ होते. 'सुंदर बाग' म्हणजे काय? काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याच्या मुलास विचारा. तो सांगेल की नागपुरी संत्र्याचे झाड संत्र्याच्या मुळांवर उभे नसते. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून ते तयार करतात. तो सांगेल की झाडास फुले यावीत म्हणून काही आठवडे त्याचे पाणी तोडतात, यास ताण देणे म्हणतात. पाने सुकू लागली की मग पाणी सोडतात आणि बाग बहरते. आंबिया बहार आणि मृग बहार यांतला भेद तो सांगेल. कोणत्या वर्षी फळगळ झाली, तेव्हा घरात कोण कोणाशी बोलेनासे झाले, आणि कळमन्याच्या बाजारात कोणत्या भावाने माल गेला, हेही तो सांगेल. ज्या झाडास बहरण्यासाठी आधी तहानेने व्याकूळ व्हावे लागते, त्याच्या तोंडी केवढे आत्मवृत्त आहे! हे ज्ञान मुलाच्या घरी आहे, पण त्याच्या वहीत मात्र 'एका सुंदर बागेत' असेच उतरते.

येथे 'निबंध' या शब्दाकडे थोडे वळणे अवश्य आहे. आमच्याकडे हा शब्द मूळचा धर्मशास्त्राचा. निरनिराळ्या स्मृतींतील वचने एकत्र आणून, त्यांचा विरोध मिटवून, नीट बांधलेला ग्रंथ तो निबंध. यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा मोठा मासला. उलट युरोपात या प्रकारास जे नाव पडले ते माँतेन् या फ्रेंच गृहस्थाने १५८० साली छापलेल्या पुस्तकावरून, आणि त्याचा अर्थ 'प्रयत्न करून पाहणे', 'अजमावणे' असा आहे. आपणांस काय ठाऊक आहे हे तो आधी सांगत नाही. लिहिता लिहिता तपासतो. म्हणजे एका शब्दात बांधणी आहे आणि दुसऱ्यात चाचपणी. गेल्या दीडशे वर्षांत जो मराठी निबंध वाढला त्यात या दोन्हींचा संगम झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. चिपळूणकरांकडे बांधणी अधिक. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ज्यांचा जन्म या नागपुरातच १८७१ साली झाला, त्यांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त थट्टेच्या मिषाने चाललेली चाचपणी अधिक. आमच्याच गावच्या ग्रेस यांच्या ललितलेखांत आणि महेश एलकुंचवारांच्या 'मौनरागा'त तर ती चाचपणी फार खोल जाते. शाळेने या दोहोंतले निदान एक तरी उचलावयास हवे होते. तिने दोन्ही सोडली, असा आमचा आरोप आहे.

चाचपणी सोडली हे वर दाखविलेच. बांधणी सोडली हे दाखविण्यास एक सोपा प्रयोग पुरे आहे. तयार पुस्तकातील कोणताही निबंध घ्यावा, आणि पहिला व शेवटचा सोडून मधल्या परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी. दुसरा चौथ्याच्या जागी गेला तरी वाचणारास काहीच चुकल्यासारखे वाटत नाही! 'वृक्षांचे महत्त्व' या निबंधात झाडे प्राणवायू देतात, सावली देतात, फळे देतात, औषधे देतात. हे क्रमाने का होईना, पण वाण्याच्या यादीच्या क्रमाने सांगितलेले असते. एका विधानातून दुसरे निघावे, आणि दुसरे उभे राहावे म्हणून पहिले आधी यावे लागावे, असे काही त्यात नसते. 'म्हणून', 'परंतु', 'तथापि', 'तरीदेखील' हे भाषेतले सांधे होत. आम्ही एका पुस्तकातील काही निबंध या दृष्टीने तपासले. 'आणि', 'तसेच', 'याशिवाय' यांची रेलचेल होती, पण ज्यावर विचार वळतो असा 'परंतु' हुडकून काढावा लागला. ज्यास सांधे नाहीत त्यास बांधलेले कसे म्हणावे?

एवढे बोलून या पुस्तकांविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने कबूल केली पाहिजे. ज्या घरी आईबाप शाळेत गेलेले नाहीत, जेथे पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे छापील पान नाही, त्या घरातील मुलास प्रमाण मराठीतले पूर्ण वाक्य भेटते ते बहुधा या पुस्तकांतूनच. वकिलाच्या मुलास घरी जे आयते मिळते ते मजुराच्या मुलीस चाळीस-पन्नास रुपयांत या दुकानांतून मिळते. तिने ती पुस्तके पाठ केली म्हणून तिला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. पाठांतर ही निंद्य वस्तूही नव्हे. शेकडो वर्षे आमच्या लोकांनी ओव्या, अभंग व श्लोक पाठ केले, आणि त्यांच्या जिभेस वळण लागले ते त्यामुळेच. परंतु अभंग म्हणणारी बाई शेवटी 'तुका म्हणे' असे म्हणते. तो अभंग आपला आहे असे ती सांगत नाही. तयार निबंध उतरविणाऱ्या मुलीस मात्र 'मी' असे लिहावे लागते. मी पाहिले, मला वाटले, माझे डोळे पाणावले, असे लिहावे लागते. आणि ज्या मास्तरांस ठाऊक असते की हिने पाहिले नाही आणि हिला वाटले नाही, तेच त्यावर तांबड्या शाईने 'उत्तम' असा शेरा मारतात.

हा प्रश्न वाङ्मयाच्या बाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. लहानपणी ज्याचा 'मी' उसन्या वाक्यांत मुरला, तो मोठेपणी नळास पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेस अर्ज करू लागला, की त्यास 'सविनय सादर' आणि 'तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी' यांच्या मध्ये काय लिहावे हे सुचत नाही. किती दिवस पाणी नाही, किती घरांस नाही, कोणास कळविले, त्याने काय उत्तर दिले, हे सर्व त्याच्या तोंडी असते, पण कागदावर येत नाही. पीक बुडालेल्या शेतकऱ्यास पंचनाम्याच्या वेळी आपले म्हणणे मांडता येणे, कामावरून काढलेल्या बाईस आपली हकिकत तारीखवार सांगता येणे, या गोष्टी ज्या शिक्षणातून यावयाच्या ते शिक्षण निबंधाचेच आहे. दुसरे कोणतेही नाही.

मग मुलास शिकवावे काय? आमचे म्हणणे आम्ही थोडक्यात सांगतो. यात नवे काही नाही.

विषय दिला की तो आधी लहान करावा. 'माझी आई' या विषयावर लिहावयाचे तर सबंध आई कोणास लिहिता आली आहे? ती सकाळी साडेपाचला उठून डबा करते तो एक तास लिहावा. भाजी चिरता चिरता ती काय पुटपुटते, घड्याळाकडे किती वेळा पाहते, स्वतःचा चहा कितव्या वेळेस गरम करून पिते, हे लिहावे. 'आई ममतेचा सागर आहे' हे वाक्य मग लिहावे लागत नाही (येथेही पुन्हा तो समुद्र!), आणि लिहिले तर ते खोटे दिसते. लहान विषयाचा दुसरा लाभ असा की त्यावर तयार निबंध सापडत नाही.

प्रारंभाविषयी तर आमचे मत अधिक कडक आहे. मुलांनी पहिला परिच्छेद खुशाल लिहावा, आणि निबंध पुरा झाल्यावर तो खोडून टाकावा. 'मानव हा समाजशील प्राणी आहे', 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे', 'भारत हा सणांचा देश आहे', असली वाक्ये लिहिताना मूल विचार करीत नसते, लेखणी गरम करीत असते. पैलवान जोर-बैठका काढतो ते ठीक, पण प्रेक्षक कुस्ती पाहण्यास आलेले असतात. जेथे लिहिणारास प्रथम काही सांगावेसे वाटले तेथून निबंध सुरू व्हावा. ती जागा बहुधा दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर सापडते.

शेवटाविषयी फार लिहीत नाही. सुभाषिताने किंवा कवितेच्या दोन ओळींनी निबंध संपविण्याची चाल केवळ परीक्षकाच्या मनधरणीसाठी पडलेली आहे. सांगावयाचे ते संपले की थांबावे.

वैचारिक निबंधास थोडी अधिक जागा देणे भाग आहे, कारण तेथे लबाडी निराळ्या वेषात येते. 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयाचा साचा सर्वांस पाठ आहे. अर्धा निबंध वरदान, अर्धा निबंध शाप, आणि शेवटी 'ते माणसाच्या हाती आहे'. असा निवाडा जर न्यायाधीश देऊ लागले तर पक्षकार घरी कधीच जाणार नाहीत! दोन्ही बाजू सांगणे म्हणजे विचार करणे, हा समज येथून रूढ होतो. गोपाळ गणेश आगरकर, जे अकोल्याच्या शाळेतून मॅट्रिक झाले आणि ज्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढिले, त्यांचे निबंध याबाबतीत शाळेने अवश्य पुढे ठेवावेत. प्रतिपक्षाचे म्हणणे ते डावलीत नाहीत. ते समोर घेतात, आणि मग त्यातला कोणता दुवा तुटका आहे तो दाखवितात. एक बाजू घेतात आणि तिची किंमत देतात. बारा-चौदा वर्षांच्या मुलाकडून एवढी अपेक्षा करावी काय? मोठ्या विषयावर करू नये. पण 'आमच्या शाळेची सकाळची पाळी असावी की दुपारची' यावर मात्र तो आगरकरांच्या पद्धतीने भांडू शकतो, कारण त्यात त्याचे स्वतःचे काही गुंतलेले असते. मेच्या आगेमागे पंचेचाळीस अंशांवर पारा चढलेल्या नागपुरात हा प्रश्न काही पोरखेळ नव्हे.

भाषेचा प्रश्न आमच्या भागात विशेष नाजूक आहे. आमच्या मुलांच्या तोंडी 'आई स्वयंपाक करून राहिली' असते, कोथिंबिरीस सांबार म्हणतात, टमाट्यास भेदरे म्हणतात. वहीत ते आले की तांबडी रेघ ओढली जाते. प्रमाण भाषेचे क्रियापद शिकविलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. त्यावाचून मुलाचा अर्ज पुण्या-मुंबईस वाचला जावयाचा नाही. परंतु वस्तूंच्या नावांवर रेघ ओढू नये. ज्या सांबाराचा वास मुलाच्या नाकात आहे तो खोडून तेथे कोथिंबीर लिहविली की वास जातो आणि शब्द राहतो. ज्यांस हे म्हणणे गावंढळ वाटेल त्यांनी एवढेच आठवावे की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या अखेरीस याच वऱ्हाडात, रिद्धपुरास सिद्ध झाला. म्हाइंभटांनी तो कसा रचिला? चक्रधरस्वामींस ज्यांनी पाहिले, ऐकले, त्या एकेकास गाठून त्यांनी आठवणी मिळविल्या, आणि कोणती लीळा कोणाकडून आली याची काळजी घेतली. आपण न पाहिलेले त्यांनीही लिहिले. परंतु पाहणारास विचारून लिहिले. आमच्या विद्यापीठाचे एकेकाळचे कुलगुरू वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची प्रत १९७८ मध्ये निघाली. ती उघडून कोणतेही पान पाहावे. कोणी काय खाल्ले, कोण कोठे बसले, कोण कशावरून रुसले, असल्या बारीकसारीक गोष्टींतून तो महापुरुष उभा राहतो; विशेषणांची गरज फारशी पडत नाही. मराठी गद्याचा हा पहिला धडा सातशेहून अधिक वर्षांमागे आमच्या अंगणात दिला गेला, आणि आमच्याच शाळांत तो गिरविला जात नाही.

शिक्षकांस दोष देणे सोपे आहे. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाची वही, शिवाय सरकारी माहितीचे तक्ते भरावयाचे. त्यांनी प्रत्येक निबंध मन लावून वाचावा ही अपेक्षा घरी बसून करण्यासारखी आहे. दहावीच्या मराठीच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन या तिहींपैकी एक लिहावे लागते आणि त्यास ऐंशींपैकी आठ गुण असतात. आठ गुणांसाठी कोण धोका पत्करील? परीक्षकास ठरावीक मुद्दे दिसले म्हणजे गुण द्यावयास सोपे जाते, मुलास तेच मुद्दे पाठ करावयास सोपे जाते, आणि पुस्तकवाल्यास छापावयास. तिघांचेही हित साधते, म्हणून ही व्यवस्था इतकी चिवट आहे. तथापि परीक्षेबाहेर, आठवी-नववीत, शिक्षकाच्या हाती एक उपाय आहे आणि त्यास फार वेळ लागत नाही. निबंधाखाली शेरा मारण्याऐवजी समासात एकच प्रश्न लिहावा: 'हे तू कोठे पाहिलेस?' आणि तोच निबंध पुन्हा लिहून आणावयास सांगावा. दहा नवे विषय देण्यापेक्षा एक विषय दोनदा लिहविणे अधिक फलदायी आहे. ज्यास लेखन म्हणतात ते बहुधा दुसऱ्या वेळेसच सुरू होते.

विषय शोधण्यास तर नागपूरच्या शिक्षकास दूर जावेच लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्हा पोळा व मारबत यांची सुट्टी संपून शाळा उघडली, की 'माझा आवडता सण : दिवाळी' हा विषय फळ्यावर लिहू नये. काळी मारबत आणि पिवळी मारबत गेली शंभराहून अधिक वर्षे या गावच्या रस्त्यांतून निघत आहेत. गावातली इडापिडा बरोबर घेऊन जा म्हणून लोक त्यांस हाका मारतात, आणि शेवटी त्यांचे दहन करतात. त्यांच्याबरोबर बडगे निघतात. बांबू, कागद व चिंध्यांचे हे पुतळे, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्या त्या वर्षाची एकेक तक्रार लिहिलेली असते. कोणी महागाईचा बडग्या करतो, कोणी लाचखाऊ पुढाऱ्याचा, कोणी एखाद्या रोगाचा. आमच्या दृष्टीने हा सबंध गावाने रस्त्यावर मांडलेला वैचारिक निबंधच होय. विषय नेमका असतो, बाजू घेतलेली असते, आणि सुभाषिताने शेवट होत नाही, जाळून होतो. मुलांस एवढेच विचारावे की यंदा तुला बडग्या करावयाचा असता तर तू कोणाचा केला असतास, त्याचे तोंड कसे रंगविले असतेस, आणि त्याच्या गळ्यातल्या पाटीवर काय लिहिले असतेस. वर्गात साठ मुले असतील तर साठ निराळे निबंध येतील. आणि त्यांतला एकही सीताबर्डीच्या दुकानात विकत मिळणार नाही.